पाय उचलायचा नाही

टप्.

दुपारच्या शांततेत एवढाच आवाज झाला. आतल्या खोलीत प्लास्टिकचं काहीतरी फरशीवर पडलं. टेलरबाईंच्या हातातली सुई काजाच्या तोंडाशीच थांबली. या आवाजामागोमाग तो दुसरा आवाज येतो का, बंद खिडकीच्या फटीतून वारा शिरावा तसा बारीक, शिट्टीसारखा, याची वाट बघताना त्या स्वतःच श्वास घ्यायला विसरल्या. दुसरा आवाज आला नाही. तरी त्या उठल्याच. मांडीवरचा शर्ट घसरला, गुंड्यांची वाटी लवंडली आणि गुंड्या घरंगळत पार मशीनखाली गेल्या.

"काय पडलं गं? पंपाचं टोपण?"

"खडूची डबी," नात म्हणाली. जमिनीवर पालथी पडून ती काहीतरी रंगवत होती. तिनं मान वर केली. "आजी, तू धावत का आलीस?"

"धावत कुठे? सहज आले."

"सहज येताना तुझं तोंड असं नसतं."

या पोरीला सगळे गुंडी म्हणत. जन्मली तेव्हा एवढीशी, गोल गोल होती. तिला पहिल्यांदा हातात घेऊन आजोबा म्हणाले होते, "ही हरवली तर अख्खं घर झाडून काढावं लागेल." शिवणकामाचं घर, तेव्हा नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती पहिलीत जात होती आणि तिच्या छातीत दमा होता. नसला की आठवणसुद्धा होऊ नये आणि आला की दुसरं काहीच आठवू नये असा.

गुंडीची आई, म्हणजे टेलरबाईंची लेक, औषधांच्या कारखान्यात कामाला होती. सकाळी कंपनीची बस तिला घेऊन जायची ती अंधार पडता पडता आणून सोडायची. जावई जहाजावर. वर्षातले थोडे दिवस घरात आणि बाकीचे फोनच्या पडद्यावर. आजोबा सुतार, त्यांचं वर्कशॉप पुलापलीकडे. त्यामुळे गुंडी शाळेतून आली की संध्याकाळपर्यंत घरात दोघीच. पुढच्या खोलीत टेलरबाई आणि त्यांचं मोटारीवर चालणारं शिलाई मशीन, मागच्या खोलीत गुंडी आणि तिचे प्रश्न.

मागच्या थंडीत अशाच एका दुपारी शिट्टी सुरू झाली होती. पंप देऊन झाला, पुन्हा देऊन झाला, शिट्टी काही थांबेना. टॅक्सीवाल्याला फोन केला तर तो "निघालोय, निघालोय" म्हणत राहिला. कुठून निघाला होता देव जाणे, पोचला मात्र नाही. शेवटी टेलरबाई पोरीला काखोटीला मारून अनवाणी रस्त्यावर उभ्या राहिल्या. बेकरीवाल्याची माल पोचवायची गाडी जात होती, तिच्यापुढे आडव्याच झाल्या म्हणा ना. पावांच्या ट्रेमध्ये बसून दोघी हॉस्पिटलात पोचल्या. पुढे कितीतरी दिवस गुंडी सगळ्यांना सांगत होती, "मी पावातून गेले होते."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आणलंत हं."

त्या एका शब्दानं टेलरबाईंच्या डोळ्याची झोप उडाली. वेळेवर त्यांनी आणलंच नव्हतं. बेकरीवाल्याला त्या दिवशी निघायला उशीर झाला होता, म्हणून तो तिथे होता. रोजच्यासारखा वेळेवर निघाला असता, तर? या 'तर'च्या पुढे जायची त्यांची छाती होत नव्हती, आणि मन दिवसभर तिथेच जाऊन उभं राहत होतं.

मग एका रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, "आपण गाडी घ्यायची."

आजोबांचा घास हातातच राहिला. "आणि चालवणार कोण? मी?"

त्यांना काचबिंदू होता. समोरचं लख्ख दिसायचं, कडेचं काहीच नाही. नळीतून जग बघावं तसं. रंधा मारता यायचा, पण रस्ता ओलांडताना कुणालातरी कोपर धरावं लागायचं.

"मी चालवणार," टेलरबाई म्हणाल्या.

लेक हसली. मग आई हसत नाहीये हे बघून थांबली. "आई, तू लिफ्टमध्ये डोळे मिटून उभी राहतेस."

"लिफ्ट मला चालवायची नसते. दुसऱ्यानं चालवलेल्याची मला भीती वाटते."

"अगं, साठी आली तुझी."

"तेच म्हणते मी. आणखी किती थांबू?"

"हिला सायकल शिकवली होती मी," आजोबा नातीला सांगू लागले. "मी मागून धरून पळत होतो. सायकल राहिली रस्त्यावर आणि मी गेलो गटारात."

"तुम्हाला सोडा म्हटलं तेव्हा सोडली नाहीत, म्हणून."

"सोडा म्हणाली नव्हतीस. 'आई गं' म्हणाली होतीस."

सगळे हसले. टेलरबाईही हसल्या. पण मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना वाटत होतं, कुणीतरी आत्ता ठणकावून नाही म्हणावं. मग निदान आपण बोललो होतो, एवढं तरी समाधान राहील. 'नाही' कुणीच म्हणालं नाही. बेकरीवाल्याची गाडी त्या टेबलाभोवती सगळ्यांच्याच मनात उभी होती.

गाड्यांच्या दुकानात तिघं गेले. लेकीला सुट्टी नव्हती. विकणारा मुलगा गुळगुळीत दाढीचा आणि गुळगुळीत बोलणारा होता. "काका, या. काकू, बसा. हा पडदा बघा, यात गाणी, नकाशा, सगळं येतं." आजोबांनी पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी दारावर बोटाच्या पेरानं टकटक केली, जसं लाकूड भरीव आहे की पोकळ हे बघतात तसं. पुढचा छोटा कप्पा उघडला, मिटला, परत उघडला. "बिजागरी बरी आहे," असा निकाल दिला. मग खिशातून टेप काढली आणि त्या मोठ्या निळ्या गाडीची रुंदी घेतली. घराशेजारच्या बोळाची मापं ते घरूनच घेऊन आले होते. गाडी उभी करायची तिथेच.

"बसते!" त्यांचा चेहरा उजळला. "अगं, अगदी फिट बसते. खणासारखी आत सरकेल."

गुंडीनं गाडीकडे बघितलं, आजोबांच्या हातातल्या टेपेकडे बघितलं. "आबा, मग आपण उतरायचं कुठून?"

विकणारा मुलगा खोकला. आजोबा टेप गुंडाळायचं थांबले. उभा जन्म त्यांनी कपाटांना खण बसवले होते. फट जितकी कमी तितकं कौतुक जास्त, नखही शिरू नये असं. पण खणाचं दार उघडून कुणाला बाहेर यायचं नसतं.

"छतातून," ते म्हणाले, "तुला छतातून काढू," आणि स्वतःच इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मोठी गाडी तिथेच बाद झाली.

टेलरबाईंची परीक्षा मात्र वेगळी होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. प्रत्येक गाडीत त्या गुंडीला मागे बसवत, स्वतः पुढे स्टेअरिंगपाशी बसत, आणि मान न वळवता एक हात मागे टाकून बघत. पोरीचा गुडघा हाताला लागतो का? मोठ्या गाडीत हात हवेतच राहिला. दुसरीत बोटांची टोकं लागली. तिसरीत, एका कोपऱ्यातल्या ठेंगण्या, छोट्या गाडीत, तळवा सबंध गुडघ्यावर बसला.

"काकू, मागे काही अडकलंय का?" विकणाऱ्यानं विचारलं.

"नाही. ही द्या."

"छान निवड! यात गिअरची भानगड नाही. ऑटोमॅटिक. ब्रेक सोडला की आपोआप हळूहळू चालायला लागते. तुमच्या गुडघ्याला त्रास नाही. रंग कोणता देऊ?"

आयुष्यभर कापडाला धागा जुळवणाऱ्या बाईंना हा प्रश्न सोपा जायला हवा होता. त्यांनी विचारलं, "लांबून सगळ्यात आधी कुठला दिसतो?"

"पांढरा किंवा पिवळा. का?"

"लोकांना मला चुकवायला वेळ मिळायला हवा."

पांढरी गाडी घरी आली. आळीतले लोक बघून गेले, पोरांनी आरशात तोंडं वेडीवाकडी केली. टेलरबाईंनी मात्र आत बसायच्या आधी तिला पायघोळ आच्छादन शिवलं, मग सीटांना अभ्रे, मग स्टेअरिंगला टोपी. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "टेलरबाई, गाडीला झबलं शिवलंत, आता बारसं कधी?" टेलरबाईंनी हसून वेळ मारून नेली. खरं तर शिवायचं काही शिल्लक राहू नये, म्हणजे मग बसावंच लागेल, याचीच त्यांना धास्ती होती. सगळं शिवून संपलं आणि बसावं लागलं.

शिकवायला येणारी पोरगी लेकीपेक्षाही लहान होती. गॉगल कायम डोक्यावर, तोंडात कायम च्युइंगम. तिच्या शिकवायच्या गाडीत तिच्याही पायाखाली एक ब्रेक होता. "काकू, मी आहे ना," हे तिचं पालुपद. पहिल्या दिवशी टेलरबाईंच्या तळहातांना इतका घाम फुटला की स्टेअरिंग निसटायला लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्या मांडीवर रुमाल पसरून बसू लागल्या. एखादं कुत्रं आडवं आलं की "काकू, ब्रेक! ब्रेक!" असा आरडाओरडा व्हायचा आणि गाडी कच्चकन थांबायची. थांबली की टेलरबाई दीर्घ श्वास घ्यायच्या. थांबवली बाई आपण.

कुणाच्या पायानं थांबली, हे विचारायचं दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

परीक्षा झाली ती मोकळ्या मैदानात, भल्या सकाळी. समोर चिटपाखरूही नाही. घाबरण्यासारखं काही घडलंच नाही. परीक्षकानं सही केली. शिकवणारीनं टाळी दिली. "काकू, एवढा हलका पाय मी कुणाचाच बघितला नाही हं. मखमल आहे मखमल!" घरी पेढ्यांऐवजी केक कापला. केकवर गुंडीनं चारचाकी काढली होती, तिला चाकं पाच आली होती.

त्याच रविवारी ते घडलं.

गाडी रस्त्यावरून बोळात घालायची होती. आजोबा बोळाच्या तोंडाशी उभे राहून हात हलवत होते, "येऊ दे, येऊ दे, सरळ." लेक मागच्या दाराच्या पायरीवर, गुंडी तिच्या शेजारी. बोळाच्या टोकाला आजोबांच्या फळ्यांची चळत भिंतीला टेकवून ठेवलेली. टेलरबाई ब्रेकवर पाय हलका ठेवून आत येत होत्या. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात गुंडीचा चेंडू पायरीवरून टप्पे घेत बोळात उतरला आणि चेंडूमागून गुंडी.

आजोबांना ती दिसली नाही. ती त्यांच्या कडेला होती. "येऊ दे," ते म्हणतच होते.

टेलरबाईंना ती दिसली. पिवळा फ्रॉक, वाकलेली पाठ, मानेवरची वेणी. त्यानंतर काय झालं, त्यांना विचाराल तर त्या शपथेवर सांगतील, त्यांनी गाडी थांबवली. आपण आत काहीतरी गपकन थांबवल्याचं त्यांना स्पष्ट आठवत होतं. पण गाडी चालतच राहिली, सावकाश, न बोलता, झोपेत चालणाऱ्या माणसासारखी. लेकीनं झेप घेऊन पोरीला दंडाला धरून मागे ओढलं. गाडी त्यांच्या जवळून पुढे गेली, फळ्यांच्या चळतीला नाक लावून अडली आणि तिथेही गुरगुरत ढकलत राहिली. वरच्या फळ्या एकामागून एक बोनेटवर सरकल्या. आजोबांनी चाचपडत खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली.

कुणाला काही लागलं नव्हतं. गुंडीच्या दंडावर आईच्या बोटांचे वळ होते, बस्स. आणि बोनेटला एक खोक.

"आई, ब्रेक का नाही दाबलास?" लेकीचा आवाज फाटला होता.

"दाबला गं."

"नाही दाबलास! मी बघत होते. तुझे दोन्ही हात वर होते. असे!" तिनं हात वर करून दाखवले, पोलिसांसमोर चोरानं करावेत तसे. "स्टेअरिंगसुद्धा सोडलं होतंस तू."

"थांबवली होती मी," टेलरबाई पुन्हा म्हणाल्या, पण आता त्यांचा स्वतःवरच विश्वास राहिला नव्हता.

रात्री मात्र लेकीनं आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. पोरीला निजवून ती बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "विकून टाकू आपण. टॅक्सीवाल्याशी कायमचं ठरवू, नाहीतर मी काम सोडते. पण गुंडीला घेऊन तू त्या गाडीत बसायचं नाहीस. मला वचन दे."

टेलरबाईंनी वचन दिलं. गाडीवर आच्छादन चढलं. जाता-येता ते पांढरं गाठोडं दिसायचं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपण भित्र्या आहोत हे त्यांना ठाऊक होतं, त्याचं वाईट नव्हतं. पण ऐन वेळी आपलंच अंग आपल्याला फसवतं, हे नव्यानं कळलं होतं. आणि हिवाळा तोंडावर आला होता. गुंडी रात्री एकदा जरी खोकली तरी घरातली तिन्ही मोठी माणसं आपापल्या अंथरुणात जागी होत, आणि जागं झाल्याचं एकमेकांना कळू देत नसत.

काम करणं एवढंच हातात होतं. एका नाटक मंडळीचे जाड पडदे शिवायला आले होते. कापड असं की मशीन कण्हत होतं. टेलरबाई खाली मान घालून टीप मारत होत्या. जाड दुमडीवर सुई आली आणि टक्कन मोडली. तुकडा उडून चष्म्यावर आदळला.

त्या दचकल्या. आणि मग त्यांचं स्वतःकडे लक्ष गेलं.

दोन्ही हात वर. अगदी तसेच. उजवा पाय पॅडलपासून वीतभर हवेत. मशीन गप्प उभं.

टेलरबाई बराच वेळ तशाच बसून राहिल्या, हात खाली न घेता, जणू खाली घेतले तर सापडलेलं हरवेल. मोटारीच्या मशीनवर थांबायचं म्हणजे काय करायचं? पाय उचलायचा. बोट सुईखाली जातंय, पाय उचल. दोरा गुंतला, पाय उचल. पोर रडलं, पाय उचल, हात वर घे, म्हणजे कापड ओढलं जाणार नाही. लग्नाआधीपासून त्यांनी पायाला हेच एक शिकवलं होतं. आणि पायानं कधी अवज्ञा केली नव्हती. बोळातही केली नव्हती.

संध्याकाळी आजोबा भुश्शानं माखलेले घरात शिरले, तर बायको दारातच. "अहो, चहा नंतर. आधी इथे उभे राहा. मी शिवते, तुम्ही मला दचकवा."

"कसं दचकवू?"

"कसंही. ओरडा."

आजोबांनी थोडा विचार केला. "तुझी बहीण राहायला येतेय, महिनाभर."

पाय वर.

टेलरबाईंनी बोटानं पाय दाखवला. मग सगळं सांगितलं. आजोबा हसले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले आणि बायकोच्या पायाकडे बघत राहिले, नळीतून दिसतं तेवढं सगळं लक्ष एकवटून.

"म्हणजे तू थांबवलीसच की," ते म्हणाले. "फक्त मशीन दुसरं होतं."

इतक्या दिवसांत टेलरबाई रडल्या नव्हत्या, त्या तेव्हा रडल्या.

लेकीला पटायला वेळ लागला. "बरं, कळलं का ते. पण पायाला कसं समजावणार? त्याला काय कान आहेत?"

"आधी शिकवलं तसंच," टेलरबाई म्हणाल्या. "परत परत."

मग रोज संध्याकाळी बोळात शिकवणी सुरू झाली. गाडी बंद, किल्ली आजोबांच्या खिशात. टेलरबाई स्टेअरिंगपाशी, आजोबा शेजारी, मागे गुंडी. गाडी चालणारच नव्हती, म्हणून लेकीनं तेवढी परवानगी दिली होती. आजोबा इकडचं तिकडचं बोलत राहायचे, कुणाचं कपाट, कुणाचं दार, आणि मध्येच ओरडायचे, "थांब!" पाय वर. "खाली, खाली!" पुन्हा गप्पा. "थांब!" पुन्हा वर. गुंडी या खेळात आजोबांच्या दहा पावलं पुढे होती. ती भुंकायची, किंचाळायची, कधी नुसतीच टाळी वाजवायची. शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, "काय हो, भांडण चाललंय का रोज?" आजोबा म्हणाले, "रियाज."

पाय कधी वर जायचा, कधी खाली. कधी हवेतच घुटमळायचा, कुणाचं ऐकू असं झाल्यासारखा. टेलरबाईंना स्वप्नातही पायच दिसायचे.

आणि मग ती दुपार आली. टेलरबाई शाळेच्या गणवेशांना खिसे लावत होत्या. वाऱ्यानं मागचं दार धाडकन आदळलं. मशीन एकदम पिसाळल्यासारखं धावलं, आणि त्यांच्या डाव्या तर्जनीतून सुई नखाच्या कडेनं आरपार गेली.

आधी त्या किंचाळल्या. मग हातानं मशीनचं बटण बंद केलं, सुई वर घेतली, बोट तोंडात घातलं, आणि मग तसंच बोट तोंडात असताना त्यांनी खाली बघितलं. पाय पॅडलवर होता, गच्च दाबलेला. फोन एका हातानंच लावला.

"आई? काय झालं? गुंडीला...?" पलीकडे लेकीचा जीव खाली-वर झाला.

"गुंडी मजेत आहे. मी बोट शिवलं!"

"काय?"

"बोट शिवलं माझं, खिशाला! अगं, घाबरले आणि पाय दाबला! उचलला नाही, दाबला!"

कारखान्याच्या आवाजात लेक हसत होती की रडत होती, ते टेलरबाईंना नीट कळलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आई, धनुर्वाताचं इंजेक्शन घे आधी."

आजोबांनी मशीनचं पॅडल उचलून डाव्या बाजूला बसवून दिलं. "उजवा गाडीचा, डावा मशीनचा. वाटणी झाली, आता भांडायचं नाही." डाव्या पायानं टीप वाकडी येऊ लागली, नवशिक्या पोरीसारखी. ज्यांच्या सरळ टिपेची गावभर ख्याती होती, त्या टेलरबाई आता संध्याकाळी बसून स्वतःचीच शिवण उसवायच्या. जाणारं गेलं. आणि आलेलं टिकेल का, हे कुठे माहीत होतं? खरीच वेळ आली तर दोन सवयींपैकी कुठली चालेल, जुनी की नवी? बोट बरं झालं तरी हा ठसठसणारा प्रश्न काही बरा होईना.

पुढचे कितीतरी दिवस शिकवणारी पोरगी शेजारी बसली. या खेपेला तिला सक्त ताकीद होती की स्वतःच्या ब्रेकवरचा पाय तिनं पोटाशी घेऊन बसायचं. ती तशीच मांडी घालून बसायची, जीव मुठीत धरून. टेलरबाई थांबत होत्या. स्वतःच्या पायानं.

शेवटी लेकीनंच त्यांना वचनातून मोकळं केलं. "उद्या शाळा सुटली की हॉस्पिटलपर्यंत जाऊन ये. तिला घेऊन. दोघीच. ती धडधाकट असताना एकदा रस्ता होऊ दे." मग थांबून म्हणाली, "मी घरी नसताना जा. मी असले तर मीच ओरडेन, थांब म्हणून."

दुसऱ्या दिवशी टेलरबाईंनी गुंडीला मागे बसवलं, पट्टा लावला, ओढून बघितला, परत लावला. पंप पिशवीत, पिशवी गुंडीच्या मांडीवर. आच्छादनाची घडी घालायला न थांबता ते तसंच बोळा करून दारात टाकलं. किल्ली फिरवली. गाडी बोळातून बाहेर पडली.

शाळेची भिंत गेली, बँक गेली, पूल आला. टेलरबाई ओठ घट्ट मिटून समोर बघत होत्या. गुंडी गप्प होती. ही पोर गप्प बसली की टेलरबाईंना एरवी धडकी भरायची, पण आज त्यांना त्याचीही फुरसत नव्हती. पुलानंतर बाजाराचा रस्ता लागला. कडेला उभ्या असलेल्या टेम्पोचं दार अचानक सताड उघडलं आणि एक माणूस पाठमोरा खाली उतरला, सरळ गाडीपुढे.

गाडी थांबली. माणसापासून हातभर अंतरावर, कच्चकन, जागच्या जागी. त्या माणसानं वळून बघितलं, हात जोडल्यासारखे केले आणि बाजूला झाला. टेलरबाईंचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. उजवा पाय खाली होता, ब्रेकवर, खिळ्यासारखा. डावा मात्र वर उचललेला होता, हवेत. त्यांनी तो हळूच खाली ठेवला, कुणी बघितलं नाही ना अशा बेतानं.

हॉस्पिटलच्या फाटकाशी झाडाखाली त्यांनी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. हसू काही केल्या आवरेना. लेकीला फोन लावावा, नाही, आधी ह्यांना. नाही, आधी पाणी प्यावं.

"आलो की नाही, गुंडे?" मागे न वळताच त्या म्हणाल्या. "पावाशिवाय!"

गुंडी हसली नाही. आरशात तिचा चेहरा दिसत होता. पिशवी दोन्ही हातांनी धरून ती बसली होती आणि कपाळाला आठी होती, चित्र काढताना असते तशी.

"आजी, मला दम लागतो तेव्हा तू माझ्याकडे बघत राहतेस ना? सगळा वेळ?"

"हो, बाळा."

"तू बघत असलीस की मला येतो श्वास."

"येतोच मुळी."

"पण आत्ता तू एकदासुद्धा नाही बघितलंस."

"गाडी चालवताना रस्त्याकडे बघायचं असतं. नाहीतर तो टेम्पोवाला..."

"माहितीये मला," गुंडी म्हणाली. ती थोडा वेळ फाटकाकडे बघत राहिली. एक बाई तिथून कडेवर पोर घेऊन लगबगीनं आत शिरत होती. मग गुंडीनं आरशातच आजीचे डोळे शोधले.

"मग मला खरंच दम लागला की, आजी, तू कुठे बघशील?"